चालतंय ना?

रात्री दोन वाजता रिलीजच्या कॉलवर सगळे एकच प्रश्न विचारतात : "चालतंय ना?"

बरोबर आहे का, असं कुणी विचारत नाही. चालतंय ना, एवढंच. एकदा "हो, चालतंय" असं उत्तर आलं की दहा-बारा माणसं एकेक करून कॉल सोडतात. हिंजवडीतल्या एखाद्या खोलीत कुणीतरी लॅपटॉप मिटतं, कुणी थंड झालेला चहा बेसिनमध्ये ओततं. मी पाच-सहा वर्षं हे काम करतोय आणि या दोन शब्दांवर मी किती वेळा झोपायला गेलो असेन याचा हिशेब नाही. अशाच एका रात्री मी दिलेल्या "हो, चालतंय"बद्दल मला लिहायचंय. ते उत्तर खरं होतं, तरीही मी त्या रात्री चुकलो होतो.

गोष्ट समजायला थोडं तांत्रिक सांगावं लागेल. तुम्ही प्रोग्रामर नसाल तरी थांबा, अवघड नाही.

जावामध्ये लिहिलेला प्रोग्राम म्हणजे हजारो क्लासेसचा ढीग असतो. हे सगळे क्लासेस सुरुवातीलाच मेमरीत येत नाहीत. ज्याची गरज पडेल तो त्या क्षणी शोधून आणला जातो. तो शोधून आणणाऱ्याला क्लासलोडर म्हणतात. असे अनेक लोडर असतात आणि त्यांची एक उतरंड असते. सगळ्यात वर जावाचा स्वतःचा मूळ लोडर, त्याखाली सर्व्हरचा सामाईक लोडर आणि सगळ्यात खाली प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा आपापला लोडर. एकाच सर्व्हरवर चार अ‍ॅप्स असतील तर चौघांचे चार वेगळे.

१९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ पासून नेहमीचा रिवाज असा, की खालच्या लोडरने एखादा क्लास स्वतः शोधण्याआधी वरच्याला विचारायचं. वरचा त्याच्या वरच्याला विचारतो. वर कुणाकडेच नसेल तर मग आपल्या घरात बघायचं. याला 'पेरेंट फर्स्ट' म्हणतात. वेब सर्व्हर्समध्ये मात्र दोन्ही पद्धती दिसतात. टॉमकॅट अ‍ॅपच्या घरात आधी शोधतो आणि मग वर विचारतो. काही मोठे सर्व्हर मुळात वरच्याला आधी विचारतात, पण सेटिंग उलटं करता येतं. एक नियम सगळीकडे सारखा आहे : वरचा खालच्याच्या घरात कधीच डोकावत नाही. मुलाला आईबापांचं कपाट दिसतं, आईबापांना मुलाचं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. जावाच्या लेखी क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही, नाव आणि त्याला आणणारा लोडर अशा जोडीने ठरते. तीच फाइल दोन वेगळ्या लोडर्सनी आणली तर मशीनच्या दृष्टीने ते दोन परके क्लासेस. मग 'अमुक'ला 'अमुक' मानता येत नाही अशी एरर येते, ज्यात दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी असतात. नवीन माणूस ती वाचून डोकं धरून बसतो. पण हा नियम उगाच नाही. १९९७ मध्ये विजय सारस्वत या संशोधकाने दाखवून दिलं होतं, की नाव सारखं आहे एवढ्यावर विश्वास ठेवला तर जावाची सगळी सुरक्षितता पोकळ ठरते. त्यानंतर ही भेग बुजवली गेली. तेव्हापासून मशीन काटेकोरपणे विचारतं : तुझं नाव काय ते ठीक, पण तुला इथे आणलं कुणी?

या प्रश्नाने पुढे माझीच पंचाईत केली.

*

आमचा क्लायंट एक विमा कंपनी होती. एकाच मशीनवर सर्व्हरच्या दोन प्रती चालायच्या. एकावर आमचं क्लेम्सचं अ‍ॅप, दुसऱ्यावर दुसऱ्या टीमचं रिपोर्ट्सचं अ‍ॅप. दोघांचा सामाईक फोल्डर एकच. त्यात ऑडिटच्या नोंदी ठेवणारी एक जुनी जार फाइल होती, ती दोघंही वापरत. सर्व्हर 'आधी वरच्याला विचार' पद्धतीचा.

त्या गुरुवारी रात्री आम्ही ऑडिटमधली एक सोय पहिल्यांदाच चालू केली. सर्व्हर उठला, लॉगिन झालं आणि पहिल्याच क्लेमला एरर आली : जेसनच्या लायब्ररीतला एक क्लास सापडत नाही. मी आमची वॉर फाइल उघडून बघितली. लायब्ररी आत होती. डोळ्यांसमोर होती. तरी सापडत नाही.

कारण वर सांगितलेलंच. तो क्लास आमचं अ‍ॅप मागत नव्हतं, सामाईक फोल्डरातली ऑडिटची जार मागत होती. आणि वरच्याला खालचं घर दिसत नाही.

टेस्टिंगला हे का दिसलं नाही? बघितलं तर टेस्टिंगच्या मशीनवर सामाईक फोल्डरात जेसनची जार आधीपासूनच पडलेली होती. कुणी टाकली, कधी, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री त्या अज्ञात माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आणि मग मी तेच केलं. आमच्या वॉरमधली जार उचलली, प्रॉडक्शनच्या सामाईक फोल्डरात कॉपी केली, आमचा सर्व्हर रिस्टार्ट केला. क्लेम सेव्ह झाला. "चालतंय ना?" "हो, चालतंय." पावणेतीन वाजले होते.

हा फोल्डर आपल्या एकट्याचा नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं. सकाळी दुसऱ्या टीमला कळवू, असं मनात आलंही होतं. सकाळी अकराला उठलो तेव्हा रिलीज यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदनाचा मेल येऊन पडला होता. अशा मेलवर "फक्त एक गोष्ट सांगायची राहिली" असं कोण लिहितं?

*

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, महिन्याच्या पॅचिंगसाठी दोन्ही सर्व्हर रिस्टार्ट झाले. ते काम सपोर्टमधल्या एका मुलाने केलं. साताऱ्याकडचा, कंत्राटावर आलेला, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. त्याने चेकलिस्टप्रमाणे सगळं केलं, दोन्ही अ‍ॅप्सचं लॉगिन करून बघितलं, "चालतंय" असा मेल टाकला.

चालतच होतं. बिघाड एका ओळीत लपला होता आणि ती ओळ फक्त महिनाअखेरीला चालायची, विमा एजंटांच्या कमिशनचा हिशेब करताना. रिपोर्ट्सच्या अ‍ॅपकडे त्याच जेसन लायब्ररीची जुनी आवृत्ती होती. पण रिस्टार्टनंतर त्याने रिवाजाप्रमाणे वरच्याला आधी विचारलं आणि वर आता माझी नवी आवृत्ती बसलेली होती. नव्या आवृत्तीत एक जुनी मेथड काढून टाकलेली. जावा अशी मेथड आहे की नाही हे ती हाक मारण्याची वेळ येईपर्यंत बघत नाही. महिनाअखेरीच्या रात्री हाक मारली गेली आणि हिशेब अर्ध्यात कोसळला. महिना संपला आणि एजंटांचं कमिशन अडकलं.

सकाळी मेलची माळ सुरू झाली. अशा माळेत पहिला प्रश्न ठरलेला : शेवटचा बदल काय झाला? उत्तर तयार होतं. रिपोर्ट्सच्या टीमने काहीच बदललं नव्हतं. रिस्टार्ट झाला होता, तो त्या मुलाने केला होता. दहा वाजेपर्यंत त्याचं नाव मेलमध्ये आलं. साडेदहाला कुणीतरी "चेकलिस्ट नीट पाळली गेली का?" असं विचारलं आणि मेलमध्ये त्याच्या मॅनेजरला जोडलं. त्याने प्रत्येक पायरीचे स्क्रीनशॉट पाठवले. स्क्रीनशॉट पाठवावे लागले म्हणजे माणूस आरोपी झालाच.

शेवटचा हात कुणाचा लागला, यावरून दोष ठरवायची सवय फक्त आयटीत नाही. घरात मिक्सर बंद पडला की तो शेवटी ज्याने लावला त्याच्याकडेच सगळे बघतात. कारण शोधायला वेळ लागतो, माणूस लगेच सापडतो.

*

मला बोलावलं ते 'याला क्लासलोडर कळतात' म्हणून. मी तीन ओळींची एक जेएसपी लिहिली, जी त्या क्लासलाच विचारते की बाबा, तुला कुठल्या फाइलमधून आणलं? पान उघडलं. सामाईक फोल्डरचा पत्ता. त्यापुढे माझ्या जारचं नाव.

साडेअकरा वाजले होते. पोटात खड्डा पडला. मग मी दुसरी गोष्ट केली, तिची मला आजही लाज वाटते. फोल्डर उघडून ती फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघितलं. डिप्लॉयमेंटचं सामाईक अकाउंट. त्याचा पासवर्ड निदान पंधरा जणांकडे. माझं नाव कुठेच नव्हतं.

मराठीत यासाठी सुंदर शब्द आहे : नामानिराळा. करून सवरून नामानिराळा. प्रत्येक क्लासला कुणी आणलं हे मशीन विसरत नाही. त्या फाइलला कुणी आणलं हे मात्र त्याला माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

मी उपाय लगेच शोधला. आमच्या अ‍ॅपपुरतं 'आधी घरात शोध' हे सेटिंग करायचं, ऑडिटची जार आणि जेसनची जार दोन्ही आमच्या वॉरमध्ये ठेवायच्या, सामाईक फोल्डरातली माझी जार काढून टाकायची. रिपोर्ट्सला त्यांची जुनी आवृत्ती परत मिळेल, कमिशनचा हिशेब रात्री होईल. हेच योग्य उत्तर होतं आणि तीन आठवड्यांपूर्वीही हेच होतं, फक्त तेव्हा त्याला दोन तास जास्त लागले असते.

आता खरा प्रश्न. हा उपाय मी कुणालाही काही न सांगता करू शकत होतो. "सामाईक फोल्डरात एक अनोळखी जार सापडली, काढली", एवढं लिहिलं असतं तर त्यात एकही शब्द खोटा नव्हता. एजंटांना पैसे मिळाले असते. सिस्टिम दोन्ही परिस्थितींत सारखीच दुरुस्त झाली असती. मग "ती मी टाकली" हे तीन शब्द जोडून जगात नेमका काय फरक पडणार होता?

मी चार तास यावर विचार करत बसलो. विचार कसला, वकिली करत होतो. माझे मुद्दे मला पाठ आहेत. त्या रात्री घाई होती. टेस्टिंगच्या मशीनवर कुणीतरी हेच केलं होतं, त्याला कोण विचारतंय? फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवणं ही पद्धतच चुकीची. आणि सगळ्यात दणकट मुद्दा : रिपोर्ट्सवाल्यांकडे जुनी आवृत्ती नसती तर काहीच झालं नसतं. त्यांच्याकडे ती होती हा निव्वळ योगायोग, मग त्याचा दोष माझ्या माथी का?

या शेवटच्या मुद्द्यावर १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी लिहिलंय. 'मॉरल लक', म्हणजे नैतिक बाबतीतलं नशीब. नेगलचं उदाहरण साधं आहे. एका ट्रक ड्रायव्हरने ब्रेक तपासून घेण्यात हलगर्जी केली. वाटेत मूल आडवं आलं नाही तर तो थोडासा निष्काळजी, एवढंच. मूल आडवं आलं आणि ब्रेक लागले नाहीत, तर त्याच्यावर एका मृत्यूचा भार. ड्रायव्हरने दोन्ही वेळा केलं तेच. फरक रस्त्याने केला.

हे वाचून काही जण म्हणतात, मग दोषच देऊ नये. मला उलटं वाटतं. फरक रस्त्याने केला असेल, तर ज्या दिवशी मूल आडवं आलं नाही त्या दिवशीचं "काही झालं नाही ना" हे वाक्यही माझ्या मालकीचं नाही. ते नशिबाने दिलेलं आहे. गुरुवारी रात्री मी "चालतंय" म्हणालो त्यात माझी अक्कल थोडी होती, बाकीचं दुसऱ्या टीमचा सर्व्हर अजून रिस्टार्ट झाला नव्हता म्हणून. अभिनंदनाचा मेल मी मुकाट्याने ठेवून घेतला होता. नशिबाचं श्रेय घ्यायचं आणि नशिबाचा दोष परत पाठवायचा, हे हिशेबात बसत नाही.

आमच्या गावी आजोबांची विहीर चुलत भावांबरोबर सामाईक होती. मोटर कुणी किती तास चालवायची याच्या पाळ्या लागलेल्या. उन्हाळ्यात एखाद्याने पाळी सोडून रात्री तासभर जास्त पाणी घेतलं तर त्या रात्री कुणाचंच काही बिघडत नाही. त्याचा ऊस हिरवा. बिघडतं तिसऱ्या दिवशी, शेवटच्या पाळीवाल्याचं. तो मोटर लावतो आणि मोटर हवा ओढते. मग मोटर जळाली म्हणून सगळे त्यालाच बोलतात : पाणी न बघता चालू केलीस कशी? आजोबांच्या तोंडून हे भांडण मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, पण पाणी रात्री घेणाऱ्याच्या जागी मी कधी स्वतःला बघितलं नव्हतं.

*

साडेतीनला मी त्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. जार माझी होती, तुझा काही संबंध नाही, सॉरी. सांगताना मोकळं वाटत होतं, जवळजवळ चांगलं वाटत होतं.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला सांगून काय उपयोग? मला माहितीच होतं मी काही केलं नाही. तुम्ही त्याच मेलला रिप्लाय करा ना."

मी त्याला सर म्हणू नकोस असं सांगितलेलं होतं. त्या दिवशी मात्र तो शब्द मला टोचावा म्हणूनच त्याने वापरला असेल तर त्यात त्याचं काही चुकलं नाही.

माझ्या चार तासांच्या प्रश्नाचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं होतं. तीन शब्दांनी जगात काय फरक पडतो? कमिशनच्या हिशेबात काहीच नाही. पण त्या सकाळी दोन गोष्टी मोडल्या होत्या, एक रिपोर्ट आणि एक माणूस. मी फक्त रिपोर्टला सिस्टिम समजत होतो. खाजगीत माफी मागून मी माझं ओझं उतरवलं, त्याचं जिथल्या तिथे होतं. आरोप चाळीस जणांसमोर झाला होता, त्यामुळे कबुलीही त्या चाळीस जणांसमोरच व्हायला हवी होती.

मी रिप्लाय-ऑल केला. सात ओळी. कुठली जार, कुठल्या तारखेला, का टाकली, काय व्हायला हवं होतं, रिस्टार्टमध्ये काहीही चूक नव्हती.

दहा मिनिटांत लीडचा फोन. ओरडला नाही. म्हणाला, "पाठवायच्या आधी मला एकदा दाखवायचं होतंस रे." दाखवलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत आहे. 'मी' जाऊन 'टीम' आली असती, 'टाकली' जाऊन 'आढळली' आली असती. तो वाईट माणूस नाही. टीमला सांभाळणं हे त्याचं काम आहे.

पण तेव्हा मला क्लासलोडरची ती उतरंड आठवली. आधी वर विचारायचं की आधी घरात बघायचं, याचं एकच उत्तर कुठल्याच सर्व्हरने दिलेलं नाही. घरात आधी बघणारा टॉमकॅटसुद्धा जावाचे मूळ क्लासेस स्वतःचे वापरत नाही, ते वरूनच घेतो. कुठली गोष्ट कुणाला विचारून करायची हे गोष्टीगणिक ठरतं. सामाईक फोल्डरात हात घालताना मी वर विचारायला हवं होतं, तिथे विचारलं नाही. खरं सांगायला कुणाला विचारायची गरज नव्हती, तिथे चार तास कुणाची तरी परवानगी शोधत बसलो.

त्या रात्री माझी जार काढली, हिशेब पूर्ण झाला, दोन दिवस उशिराने कमिशन गेलं. मला समज मिळाली, लेखी नाही. सामाईक फोल्डरात लिहिण्याची परवानगी आता दोनच जणांकडे आहे आणि बदलाची नोंद नावाने होते.

सगळं नीट झालं असं मात्र म्हणता येणार नाही. जावामध्ये एकदा लोड झालेला क्लास तसाच राहतो. डिस्कवर योग्य फाइल आणून ठेवली तरी चालू सर्व्हर जुन्यावरच चालतो, त्याला पुन्हा उठवावं लागतं. माणसंही तशीच. महिन्याभराने एका मीटिंगमध्ये कुणीतरी त्या मुलाचा उल्लेख "तो कमिशनच्या वेळचा रिस्टार्टवाला" असा केला. त्या माणसाने माझा मेल वाचलेला होता, उत्तरात अंगठाही दिला होता. पण त्याच्या डोक्यात सकाळी दहाचा मेल आधी लोड झाला होता. मी तिथेच दुरुस्ती केली. अशी आणखी दोनदा करावी लागली. कुठे कुठे मी नव्हतो, तिथे झालीच नसेल.

हल्ली रिलीजच्या कॉलवर "चालतंय ना?" असं विचारलं की मी "आमचं चालतंय" असं म्हणतो आणि बाजूच्या सर्व्हरवर कुणाचं अ‍ॅप आहे त्यांनाही कॉलवर घ्या म्हणतो. रात्री दोन वाजता हे कुणालाच आवडत नाही. कॉल वीस मिनिटांनी लांबतो. मी चहा पुन्हा गरम करून घेतो.